वरच्या मजल्याचे ओझे

आमच्या घराचा पाया अब्बांनी भरून घेतला, तेव्हा मी शाळकरी होतो. काही वर्षांपूर्वी पुतण्याच्या लग्नाआधी घरावर एक मजला चढवावा, असे सगळ्यांनी ठरवले. बोलावलेल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी विटा-सिमेंटचे बोलणे काढण्याआधी एकच प्रश्न विचारला, "सर, पाया किती मजल्यांचा धरून भरलाय?" उत्तर कुणालाच ठाऊक नव्हते. अब्बा हयात नव्हते आणि पाया जमिनीत होता. मी कविता लिहिणारा, बी. ए. झालेला माणूस. ओझे हा शब्द आजवर मी मनाच्याच संदर्भात वापरलेला! त्या प्रश्नाचा माग काढत मी वाचू लागलो आणि पोहोचलो थेट अमेरिकेतल्या शिकागो शहरात.

१८७१ साली मोठ्या आगीत या शहराचा मध्यभाग जळून गेला. नव्याने उभे राहताना इमारती उंच होऊ लागल्या. पण सरोवराकाठच्या त्या शहराखाली खोलवर मऊ, निळसर चिकणमाती होती. इमारत खचणार, हे सगळे धरूनच चालत. खरी भीती कमी-जास्त खचण्याची होती. जड भिंत अधिक खाली जाई, शेजारची हलकी भिंत मागे राही आणि मधोमध तडा पडे.

१८७३ साली फ्रेडरिक बाउमान या मूळच्या जर्मन वास्तुकाराने एक छोटी पुस्तिका काढली. त्याचे म्हणणे सरळ होते. सगळ्या इमारतीखाली सलग पाया पसरू नका. प्रत्येक खांबावर वरचे किती ओझे येते ते मोजा आणि त्या प्रमाणात त्याच्या पायाचे क्षेत्रफळ ठेवा. दुप्पट ओझे, तर दुप्पट जागा. मग इमारत खचली तरी सारखी खचेल. पण यासाठी प्रत्येक मजल्याचे वजन कागदावर मांडून वरून खाली बेरीज करत येणे भाग होते.

हा हिशेब चुकला तर काय होते, तेही त्याच शहराने पाहिले. १८८९ साली पूर्ण झालेल्या ऑडिटोरियम इमारतीचा एका बाजूचा मनोरा १७ मजल्यांचा होता, बाकीचा भाग त्याहून ठेंगणा. डँकमार ॲडलरने युक्ती केली. मनोऱ्याचे पुढचे ओझे आधीच पायावर यावे, म्हणून त्याने तिथे विटा आणि बिडाचे ठोकळे रचून ठेवले. मात्र पाया घातल्यानंतर बाहेरच्या भिंतींना हलक्या साहित्याऐवजी दगड लावायचे ठरले. पायाला ठाऊक नसलेले ओझे वर चढले. इमारतीचे काही भाग पुढे २९ इंचांपर्यंत खचले.

१८९१ सालची १६ मजली मोनॅडनॉक इमारत याहून बोलकी आहे. तिच्या विटांच्या भिंती तळाशी ६ फूट जाड आहेत. ती ८ इंच खचेल असा अंदाज होता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती २० इंच खचली. ओझ्याखाली चिकणमातीतले पाणी वर्षानुवर्षे हळूहळू निघत राहते आणि माती दबत जाते. याचा शास्त्रीय उलगडा कार्ल तेरझागीने १९२५ च्या सुमारास केला. या दोन्ही इमारती आजही उभ्या आहेत, एवढे मात्र सांगायला हवे.

आता आपल्या घराकडे येऊ. एका इंजिनिअर मित्राने मला वहीत हिशेब मांडून दाखवला. १२ सेंटिमीटर जाडीचा स्लॅब चौरस मीटरला सुमारे ३०० किलो भरतो. फरशी आणि तिच्याखालचा थर धरा १०० किलो. माणसे आणि सामानसुमान यांच्यासाठी आपले भारतीय मानक घराला सुमारे २०० किलो धरायला सांगते. भिंती, तुळया, खांब मिळवले की चौरस मीटरला एक टन किंवा थोडे अधिकच होते. म्हणजे ६० चौरस मीटरच्या घरावर एक मजला चढवणे म्हणजे साठेक टन, डझनभर हत्ती माथ्यावर उभे करणे! इमारतीला बरेच मजले असतील तर माणसा-सामानाच्या ओझ्यात काही सूट मिळते, कारण सगळ्या मजल्यांवर एकाच वेळी वऱ्हाड उतरत नाही. भिंती आणि स्लॅब यांच्या वजनात मात्र कसलीच सूट नाही.

मिस्त्रींनी घराच्या कोपऱ्याशी खड्डा घेतला. आमचा पाया काळ्या मातीतच थांबला होता. मुरमापर्यंत तो गेलाच नव्हता. अब्बांनी ऐपतीप्रमाणे एका मजल्याचे घर बांधले होते आणि तेवढ्यापुरते ते चोख होते. शेजाऱ्याने चढवला म्हणून आपणही मजला चढवायचा, ही आपल्या गावोगावची रीत. शेजाऱ्याचा पाया कुणी पाहिलेला नसतो.

पुतण्या हिरमुसला. पण आम्ही वरचा मजला रद्द केला आणि मागच्या अंगणात दोन खोल्या बांधल्या, जुन्या भिंतीपासून अंतर सोडून, मुरमापर्यंत नेलेल्या त्यांच्या स्वतःच्या पायावर. तो पाया किती खोल, किती रुंद आणि किती मजल्यांचा, हे एका कागदावर लिहून मी घराच्या खरेदीखताबरोबर ठेवले आहे. पुढच्या पिढीत एखाद्या मिस्त्रीने तोच प्रश्न विचारला, तर उत्तर घरात असावे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)