बेटाबाहेर न चालणारा रुपया

रुपया म्हटला की टांकसाळ, राजमुद्रा आणि शासनाची हमी डोळ्यांसमोर येते. परंतु हिंदी महासागरात एक असाही रुपया चालत होता, ज्याच्यामागे कोणतेही शासन उभे नव्हते. त्याच्यामागे होते एक कुटुंब, त्याच्या माडांच्या बागा आणि त्याचेच एक दुकान. आजचा थ्रेड कोकोस (कीलिंग) बेटांच्या या खासगी रुपयाविषयी.

ऑस्ट्रेलिया आणि श्रीलंका यांच्या साधारण मध्यावरची ही २७ प्रवाळबेटे. मूळ मानवी वस्ती नाही. (मद्रासवर तोफा डागणारी ‘एमडन’ ही जर्मन युद्धनौका आठवते? १९१४ मध्ये तिचा शेवट याच बेटांपाशी झाला.) १८२६ मध्ये अलेक्झांडर हेअर हा इंग्रज व्यापारी मलय गुलामांसह येथे उतरला. पाठोपाठ स्कॉटिश दर्यावर्दी जॉन क्लुनीज-रॉस सहकुटुंब आला. दोघांचे बिनसले, हेअर निघून गेला आणि मागे राहिलेली माणसे रॉसच्या बागांत राबू लागली. १८३६ मध्ये ‘बीगल’ जहाजावरून आलेल्या चार्ल्स डार्विनलाही या माणसांचे स्वातंत्र्य बव्हंशी नावापुरतेच वाटले. पुढे १८५७ मध्ये ब्रिटिशांनी बेटे ताब्यात घेतली आणि १८८६ मध्ये व्हिक्टोरिया राणीने ती क्लुनीज-रॉस घराण्याला कायमस्वरूपी बहाल केली.

नारळ गोळा करणे, सोलणे, खोबरे वाळवणे ही येथील मजुरी. ती द्यायची कशात? शेकडो मैल समुद्रापलीकडून चांदी आणण्यापेक्षा मालकाने स्वतःचे चलन काढले. आरंभी मेंढीच्या कातड्यावरच्या नोटा, १९१३ मध्ये हस्तिदंती रंगाचे बिल्ले आणि १९६८ मध्ये चक्क प्लॅस्टिकचे. एकक मात्र रुपयाच. एक बारीक भेद असा, की आपल्या रुपयाचे तेव्हा सोळा आणे होत, तर कोकोसच्या रुपयाचे शंभर सेंट.

सुट्या नाण्यांची टंचाई हे कारण खोटे नव्हते. आसामच्या चहामळ्यांतही दिवसाच्या कामाबद्दल धातूचे बिल्ले दिले जात. पण कोकोसमध्ये ही सोय परिपूर्ण व्यवस्था बनली. मजूर बिल्ले घेई, कंपनीच्या दुकानात तांदूळ-कापड विकत घेई आणि बिल्ले पुन्हा कचेरीत जमा होत. मजुरीचा दर मालकाचा, दुकानातला भाव मालकाचा आणि चलनही मालकाचेच. अशा ठिकाणी मजुरी वाढली की घटली, हे मजुराने कशाशी ताडून पाहायचे?

त्याहून खोल परिणाम शिलकीवर होत होता. गाठीला बांधलेला बिल्ला बेटाबाहेर कवडीमोल. म्हणजे आयुष्यभर बचत केली तरी त्यातून सिंगापूरचे तिकीट निघत नसे. शिवाय बेट सोडून गेलेल्याला परत येऊ न देण्याचा दंडक होता. बेड्या, पहारे, कुंपण यांची गरजच उरली नाही.

या घराण्याचे समर्थक सांगतात की राहायला घर होते, दवाखाना होता, बेकारी नव्हती. ते खरेच आहे, आणि ते वगळून लिहिणे अप्रामाणिक ठरेल. तरीही माझ्या मते या सुखसोयींची तुलना करण्याचे साधनच मजुराच्या हाती नव्हते, हा मुद्दा त्याने पुसला जात नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर लोकसंख्या बेटांना पेलवेनाशी झाली, तेव्हा शेकडो कोकोस मलय उत्तर बोर्निओत, म्हणजे आजच्या साबाहमध्ये, स्थलांतरित झाले.

१९५५ मध्ये बेटे ऑस्ट्रेलियाकडे आली. बिल्ले चालूच राहिले! माणूस चंद्रावर जाऊन आला तरी होम आयलंडवरचा मजूर प्लॅस्टिकच्या रुपयांत पगार घेत होता. १९७४ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे पाहणी पथक येथे आले आणि ऑस्ट्रेलियाला उत्तरे देणे भाग पडले. अखेर १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियाने ६२ लाख ५० हजार डॉलर मोजून जवळजवळ सारी बेटे या घराण्याकडून विकत घेतली आणि बिल्ल्यांची जागा डॉलरने घेतली.

एप्रिल १९८४ मध्ये कोकोसच्या रहिवाशांनी आपल्या भवितव्यावर मतदान केले. स्वातंत्र्याला ९ मते, ऑस्ट्रेलियाशी मुक्त संलग्नतेला २१, पूर्ण विलीनीकरणाला २२९. ते प्लॅस्टिकचे रुपये आता नाणेसंग्राहकांच्या लिलावांत दिसतात आणि तेथे त्यांना डॉलरमध्ये भाव मिळतो.