लॉ कॉलेज रस्ता, पुणे

पुणे शहराच्या पश्चिम भागातील, कर्वे रस्त्यावरील नळस्टॉपपासून सेनापती बापट रस्त्याच्या दिशेने टेकडीच्या कडेकडेने जाणारा रस्ता. एकेकाळी शहराबाहेरचा, झाडीचा आणि शांत असलेला हा भाग आज गजबजला असला, तरी आवारांच्या भिंतींआड जुनी निवांतता अजून टिकून आहे. रस्त्याला नाव मिळाले ते इंडियन लॉ सोसायटीने 1924 मध्ये सुरू केलेल्या विधी महाविद्यालयावरून. मात्र विद्वत्जगतात तो ओळखला जातो तो मुख्यतः भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेमुळे.

रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, 6 जुलै 1917 रोजी, ही संस्था स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी मुंबई सरकारचा हस्तलिखित-संग्रह डेक्कन कॉलेजातून तिच्याकडे आला. 1919 मध्ये येथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे, म्हणजे उपलब्ध पोथ्या ताडून मूळ संहितेच्या शक्य तितक्या जवळचा पाठ निश्चित करण्याचे, काम हाती घेण्यात आले. त्यासाठी कागदाच्या माथ्यावर श्लोक लिहून त्याखाली एकेका पोथीतील पाठभेद अक्षरागणिक चौकटींत नोंदले जात. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी 1925 पासून या कामाला शिस्त लावली. 1943 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर बेलवलकर आणि वैद्य या संपादकांनी ते पुढे नेले, आणि सुमारे 1,259 हस्तलिखितांचा आधार घेऊन 1966 मध्ये मुख्य संहिता पूर्ण झाली. चिकाटीचा असा दाखला भारतीय विद्याक्षेत्रात विरळाच. संस्थेतील ऋग्वेदाच्या 30 हस्तलिखितांची नोंद युनेस्कोच्या जागतिक स्मृतिपटात 2007 मध्ये झाली आहे.

याच रस्त्यावर, कोल्हापुरात 1929 मध्ये स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने 1933 मध्ये आपले बिऱ्हाड हलवले. ‘संत तुकाराम’ (1936), ‘कुंकू’ (1937) आणि ‘माणूस’ (1939) हे चित्रपट येथेच तयार झाले. कंपनी 1953 मध्ये बंद पडल्यावर सरकारने 1960 मध्ये त्या जागी चित्रपट-प्रशिक्षण संस्था सुरू केली, त्यामुळे प्रभातच्या जुन्या चित्रीकरणगृहात आजही कॅमेरे फिरतात. 1964 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांचा याच रस्त्यावरील बंगला जोडला गेला आहे. तेथील जतनाचे काम पोथ्यांहूनही नाजूक म्हणावे लागेल, कारण जुनी नायट्रेट फिल्म, म्हणजे सेल्युलोज नायट्रेटवर छापलेली चित्रफीत, जळताना स्वतःच प्राणवायू पुरवते आणि एकदा पेटली की पाण्यातही विझत नाही. 2003 मध्ये लागलेल्या आगीत अशा चित्रफितींचा मोठा साठा नष्ट झाला.