दात धरणे

मारतहळ्ळीच्या पुलाजवळ एका दवाखान्यात माझ्या दातांच्या तारा निघाल्या, तेव्हा मी शेहेचाळीस वर्षांची होते. पकडीत एकेक ब्रॅकेट दाबलं की 'कट्' असा आवाज येई आणि दातच तुटला असं वाटे. मग उरलेला गोंद घासून काढला. जीभ फिरवली तर दात ओल्या काचेसारखे गुळगुळीत. डॉक्टरीणबाई सहायिकेशी कन्नडमध्ये बोलत होत्या. कन्नडमध्ये दाताला 'हल्लु' म्हणतात. अनुवादाचा धंदा करूनही माझ्या मराठी कानाला दर वेळी 'हलू' असंच ऐकू येत होतं.

ते अगदीच चूक नव्हतं. माझ्या तारा दुसऱ्यांदा निघत होत्या. पहिल्यांदा निघाल्या त्या चौदाव्या वर्षी, बेळगावात. बाबांनी पतपेढीतून कर्ज काढून तो खर्च केला होता. नंतर घालायला दिलेली प्लेट मी एका लग्नाच्या पंगतीत कागदी रुमालात गुंडाळून पत्रावळीशेजारी ठेवली. पत्रावळ उचलली गेली, प्लेटही गेली. घरी सांगायचं धैर्य झालं नाही. दात तर सरळ झालेत, आता प्लेट कशाला, अशी मीच माझी समजूत घातली. पुढच्या काही वर्षांत दात हळूहळू जुन्या जागी परतले.

दात सरकवण्याची विद्या जुनी आहे. फ्रान्सच्या पिएर फोशार यांनी 1728 सालच्या ग्रंथात नालाच्या आकाराची धातूची पट्टी सांगितली आहे. दात दोऱ्याने त्या पट्टीला बांधायचे. कधी ते हत्याराने दात हलवून सरळ करत आणि घट्ट होईपर्यंत शेजारच्या दातांना बांधून ठेवत. अमेरिकेत एडवर्ड अँगल यांनी 1899 मध्ये वरखालच्या दातांच्या बिघडलेल्या जुळणीचं वर्गीकरण मांडलं आणि पुढच्याच वर्षी सेंट लुईसला या विषयाची शाळा काढली. आम्लाने इनॅमल खरखरीत केलं की त्याला राळ घट्ट धरते, हे मायकल ब्युनोकोर यांनी 1955 मध्ये दाखवलं. त्यामुळे पुढे प्रत्येक दाताभोवती पोलादी कडं बसवायची गरज उरली नाही. 1970 च्या दशकात निकेल-टायटॅनियमची तार आली. हा मिश्रधातू अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतला. कितीही वाकवला तरी तो आपला मूळ आकार विसरत नाही. आपल्याकडे इंडियन ऑर्थोडाँटिक सोसायटी 1965 मध्ये स्थापन झाली, म्हणजे माझ्या पहिल्या तारांच्या जेमतेम एक पिढी आधी.

पण ही झाली सरकवण्याची हकीकत. धरून ठेवण्याची हकीकत तिच्यामागून लंगडत येते. वरखालचे दात नीट जुळले की ते एकमेकांना सांभाळतील, असा अँगल यांच्या पिढीचा मोठा भरवसा होता. चार्ल्स हॉली यांची तार बसवलेली काढघालीची प्लेट 1919 ची. माझी हरवलेली प्लेट त्याच घराण्यातली.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो, तंतूंवर तोललेला असतो. दाब येतो त्या बाजूचं हाड झिजतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं. हाड तसं लवकर जुळवून घेतं, हिरडीतले तंतू मात्र घेत नाहीत. नॉर्वेच्या कोरे रायटान यांनी कुत्र्यांचे दात फिरवून पाहिले, तर 232 दिवसांनंतरही ते तंतू ताणलेलेच होते. सिएटलच्या रॉबर्ट लिटल आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्ये 65 जणांच्या खालच्या पुढच्या दातांची पाहणी प्रसिद्ध केली. रिटेनर सुटून किमान 10 वर्षं झालेल्या या माणसांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांचे दात पुन्हा दाटले होते. ज्यांना कधीच तारा लागल्या नाहीत त्यांचेही दात वयाबरोबर दाटतात. म्हणजे सरळ दात ही एकदा कमावली की आपली झाली, अशी वस्तू नव्हे. मराठीत 'दात धरणे' म्हणजे मनात वैर जपणे. दात स्वतःच जुनी जागा इतकी धरून बसतो, हे मला माहीत नव्हतं.

आता खालच्या दातांच्या मागे एक बारीक तार कायमची चिकटवलेली आहे. वरच्या दातांना पारदर्शक रिटेनर. पहिले काही महिने जेवण सोडून दिवसरात्र घालायचा, मग रोज रात्री. गरम कॉफी पिताना तो काढावा लागतो, नाहीतर त्याचा आकार बिघडतो. 'चहा'मधला 'च' त्याने फारसा अडत नाही, पण 'चांगलं'मधला अडतो, कारण त्यासाठी जीभ दातांच्या मागे टेकावी लागते.

आईने फोनवर ते लगेच ओळखलं.

"तोंडात काय आहे गं?"

सांगितलं.

"किती दिवस घालायचंय?"

"कायम."

"मग तारा काढल्या म्हणजे केलं काय?"

उत्तर द्यायच्या ऐवजी मी तिला पंगतीतली प्लेट सांगून टाकली, बत्तीस वर्षांनी. बाबा जाऊनही आता नऊ वर्षं झाली.

"त्यांना माहीत होतं," आई म्हणाली. "तू झोपल्यावर गेले होते परत कार्यालयात. मागच्या अंगणातला उष्ट्या पत्रावळींचा ढीग उपसून आले. हाताला लागली नाही. मला म्हणाले, पोरीला विचारू नको."