हसन दुसरा मशीद
हसन दुसरा मशीद : मोरोक्कोतील कासाब्लांका शहरी अटलांटिकच्या काठावर, अंशतः समुद्रावरच उभारलेली मशीद. राजा दुसरा हसन याच्या आज्ञेने १९८६ मध्ये काम सुरू झाले. उद्घाटन १९९३ मध्ये. वास्तुविशारद मिशेल पँसो व बांधकाम करणारी बुईग कंपनी हे दोन्ही फ्रेंच. दालनात २५,००० आणि पटांगणात ८०,००० लोक नमाज पढू शकतात.

वास्तू : मिनार मगरिबी परंपरेप्रमाणे चौकोनी. उंची सुमारे २०० मी.; २१० मी. हाही आकडा आढळतो. अल्जीअर्सच्या नव्या मशिदीचा मिनार (२६५ मी.) होईपर्यंत हा जगात सर्वांत उंच होता. मिनारावरून मक्केच्या दिशेने लेझर किरण सोडतात आणि सुमारे १,१०० टनांचे छप्पर यंत्राने सरकते. पर्यटकांसाठीच्या पुस्तिका यातच रमतात. वास्तूची खरी मातब्बरी तिच्या भिंतींवर आहे.

झेलीज : भाजलेल्या मातीच्या, एका बाजूने झिलई दिलेल्या चौकोनी फरशांपासून भिंतींवरील ही नक्षी करतात. फरशीवर आकार आखून, ती ऐरणीवर धरून, जड व धारदार हातोडीने एकेक तुकडा तोडतात; मग त्याच्या कडा मागच्या बाजूने तिरप्या छिलतात, म्हणजे दर्शनी बाजूला सांधा जवळपास दिसत नाही. जुळणी पालथी होते. रंगीत बाजू जमिनीकडे असल्याने कारागिरापुढे फक्त मातकट पाठी असतात. कोणता रंग कुठे, हे त्याला पाठ असावे लागते. पाठीवर गिलावा ओतून तो आळला की तक्ता उचलून भिंतीवर बसवतात. चूक झाली असेल तर ती तेव्हाच दिसते.

इतर कारागिरी : छतांना ॲटलास पर्वतातील देवदार, भिंतींच्या वरच्या भागात कोरीव गिलावा. वजूच्या (नमाजापूर्वी हातपाय धुण्याच्या) दालनात ‘तादेलाक्त’, म्हणजे दगडाने घोटून काळ्या साबणाने चकाकवलेला चुना. घोटीव गिलाव्याचीच ही मोरोक्कन जात. झुंबरे व्हेनिसजवळच्या मुरानोची. कारागिरांची संख्या काही ठिकाणी सहा हजार, तर काही ठिकाणी दहा हजार दिली आहे.

खर्च : काही भाग लोकवर्गणीतून जमला. ती कितपत ऐच्छिक होती, याविषयी मतभेद आहेत.

दुरुस्ती : खारे पाणी काँक्रीटमध्ये मुरून आतील सळया गंजल्या. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोठी दुरुस्ती करून गंजरोधक पोलाद वापरण्यात आले.

आवारात ग्रंथालय आहे. मुस्लिमेतरांना मार्गदर्शकासोबत प्रवेश मिळतो. मोरोक्कोतील बहुतेक मशिदींत तो मिळत नाही.