बंबाचे सुटे भाग

मागच्या दिवाळीत गोरेगावला सगळे जमले तेव्हा बंबावरून जी चर्चा झाली, ती काही पूर्ण झाली नाही. कोणी म्हणालं मोडीत घाला, कोणी म्हणालं पुण्याच्या फ्लॅटमध्ये कुंडी म्हणून छान दिसेल. तेव्हा बोलायचं राहिलं ते इथे लिहितोय. ब्लॉगवाल्या मित्रमंडळींनी आमच्या घरगुती भांडणात थोडं डोकावायला हरकत नाही.

(ज्यांनी बंब पाहिलाच नाही अशा पिढीसाठी: तांब्याचं पिंप, मधून आरपार एक नळकांडं, खाली जाळी, त्याखाली राखेचं तबक. नळकांड्यात वरून ढलपे टाकायचे, जाळ आणि धूर वर जातो, भोवतीचं पाणी तापतं. झालं.)

आधी नावाची गंमत. बंब हा शब्द पोर्तुगीज 'बोंबा'वरून आला, असं सांगतात. तिकडे त्याचा अर्थ पंप. म्हणून आपल्याकडे आग विझवणारी गाडीही बंब आणि आग पोटात घेऊन बसलेलं भांडंही बंब! बादली पोर्तुगीज, घमेलं पोर्तुगीज, चावीसुद्धा. न्हाणीघर तेवढं आपलं.

नाव काहीही असो, कल्पना मात्र मोठ्या घराण्यातली आहे. पाण्याच्या पोटातून आगीची नळी न्यायची, ही युक्ती रशियन आणि काश्मिरी समोवारमध्ये आहे, आणि वाफेच्या इंजिनातही आहे. स्टीफन्सनच्या १८२९च्या 'रॉकेट' इंजिनात अशा २५ नळ्या होत्या आणि त्याही तांब्याच्याच. आमच्या बंबात एक. तांबं लोखंडाच्या पाचपट वेगाने उष्णता पुढे सरकवतं, म्हणून मूठभर काटक्यांत बादलीभर पाणी कढतं. कायद्याच्या भाषेत मात्र बंब म्हणजे बॉयलर नव्हे. १९२३चा बॉयलर कायदा (तो थेट २०२५ पर्यंत चालला, मग नवा आला) दाबाखाली वाफ करणाऱ्या बंद भांड्यांसाठी होता. बंबाचं तोंड उघडं. वाफ धरून ठेवायची त्याची इच्छाच नाही, म्हणून निरीक्षकाचा दाखला लागत नाही. गोंदियाच्या उष्णा तांदळाच्या गिरण्यांना तो लागतो.

आमच्या बंबावर आजोबांचं नाव आणि १९५८ हे साल ठिपक्याठिपक्यांनी कोरलंय. त्या वर्षी आपण कोणत्या राज्यात होतो सांगा पाहू? मध्यप्रदेशात नाही (ते १९५६ला संपलं) आणि महाराष्ट्रातही नाही (तो १९६०ला आला). मधली चार वर्षं द्वैभाषिक मुंबई राज्याची. जिल्हा अर्थात भंडारा, कारण गोंदिया जिल्हा १ मे १९९९ला वेगळा झाला. आणि भंडारा म्हणजे पितळेचं गाव. लग्नाची भांडी भंडाऱ्याची, हे आमच्याकडे सांगावंही लागत नसे. बंबही तिथूनच आला, बैलगाडीने की रेल्वेने यावर मोठे काका आणि आत्या यांचं आजही एकमत नाही.

आता मुद्द्याचं. बंब एकदा घेतला की जन्मभर पुरतो, असं जे म्हणतात ते अर्धंच खरं आहे. पुरतो तो त्याचे भाग बदलत राहिल्यामुळे.

सगळ्यात आधी जाते जाळी. ती बिडाची. रोज लाल होते, रोज निवते, कोणी घाईने राखेवर पाणी ओतलं की तडकते. पूर्वी तयार जाळ्या बाजारात मिळत. त्या मिळेनाशा झाल्यावर लोहाराने सळया कापून वेल्डिंग करून दिली. सळयांची जाळी वाकते, पण तडकत नाही, आणि वाकली तर उलटी टाकून चालते. माझ्या मते ही मूळ जाळीपेक्षा चांगली आहे, पण आत्याला हे पटत नाही.

मग तोटी. पितळेची, निमुळत्या गट्टूची. आडवी केली की बंद, उभी केली की चालू. आमच्या विहिरीचं पाणी जड, त्यामुळे गट्टूवर क्षार बसतो, मग कोणीतरी जोर लावतो, मग ती रात्रभर टपकते. उपाय जुना आहे: विटेची वस्त्रगाळ पूड तेलात कालवायची आणि गट्टू त्याच्या घरात फिरवत बसायचं, दोन्ही अंगं एकमेकांना घासून बसेपर्यंत. अर्ध्या तासाचं काम. पण घासून घासून गट्टू खाली उतरत जातो आणि एक दिवस त्याचं भोक नळीच्या भोकाशी जुळत नाही. मग नवी तोटी. आताची तोटी गोंदियाच्या एका लेथवाल्याने वळून दिलेली, जो एरवी भाताच्या गिरण्यांचे सुटे भाग बनवतो. "बंबाची का जी?" म्हणून त्याने आधी हसून घेतलं, मग मनापासून काम केलं.

खरा जीव नळकांड्यात. बाहेरून पाणी, आतून धूर. ओल्या लाकडाचा धूर आंबट असतो, नळकांड्याला काळा चिकट थर बसतो आणि पावसाळ्यात बंब पडून राहिला की तो थर तांबं खातो. वरच्या टोकाशी पत्रा कागदासारखा पातळ होतो. दुसरा शत्रू म्हणजे पाहुणे! बंबाचा नियम एकच: जेवढं गरम काढाल तेवढं गार ओता. तोटी तळापासून चार बोटं वर असते ती म्हणूनच, तळाचा सांधा कोरडा पडू नये म्हणून. पण वरचं नळकांडं उघडं पडतंच. मूळ सांधे तांबटाने पितळेचा चुरा आणि टाकणखार घालून भट्टीत जोडलेले, ते कोरड्या जाळालाही दाद देत नाहीत. नंतरची डागडुजी कथील-शिशाच्या झाळाची, आणि ते झाळ दोनशे अंशांच्या आतच वितळतं. पाणी आहे तोवर सांधा शंभराच्या वर जात नाही. पाणी सरलं की झाळ ओघळलं.

म्हणजे प्रत्येक स्वस्त दुरुस्ती पुढच्या दुरुस्तीची तारीख ठरवून जाते. भंडाऱ्याला कासार-तांबटांची भट्टी होती तोवर पक्कं काम होई. स्टील आणि हिंडालियम आल्यावर तो धंदा आटला, तशी आमच्याकडे झाळाची ठिगळं वाढली. बंबाच्या अंगावर हा इतिहास वाचता येतो. तळाशी एक सोनेरी रेघ आहे, ती भंडाऱ्याची. वरचे करडे ओघळ नंतरचे. तांब्याची मात्र इथे वानवा नाही बरं का. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडला देशातली सर्वांत मोठी तांब्याची खाण आहे, १९८२ पासून. फक्त तिथलं खनिज शुद्ध व्हायला राजस्थानात खेत्रीला जायचं आणि पत्रा होऊन फिरून यायचा.

सरपणाचीही तीच गत. १९५१ला मालगुजारी गेली, जंगलं वनखात्याकडे गेली, निस्ताराचे हक्क कागदोपत्री उरले. १९७०ला नागझिरा अभयारण्य झालं, २०१३ला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. हे व्हायलाच हवं होतं. बंबाची अडचणही नाही, त्याला ऐन-धावड्याचे ओंडके लागतच नाहीत. धुऱ्यावरच्या तुऱ्हाट्या, नारळाच्या करवंट्या, सुताराकडचे ढलपे पुरतात. कोंडा मात्र चालत नाही. गिरणीच्या बॉयलरला तोच लागतो, पण तिथे खालून पंख्याची हवा असते. बंबात तो नुसता धुमसतो.

आता प्रश्न उरतो की जाळी नवी, तोटी नवी, तबक तिसरं, झाकण दुसऱ्याच कुठल्या भांड्याचं, मग त्यात आजोबांचं काय उरलं? दिवाळीत हा प्रश्न चुलतभावाने जिंकल्याच्या थाटात विचारला होता. उत्तर सोपं आहे. कोरीव नावाचा बाहेरचा पत्रा आणि मधलं नळकांडं, दोन्ही मूळची. केळकर संग्रहालयात जुनी भांडी काचेआड फार सुंदर दिसतात, मी तासन्‌तास पाहिली आहेत. पण त्यांच्यातली कोणती गळते, हे आता कोणालाच कळणार नाही. आमचा गळला की सकाळी सहाला कळतं, कारण पहिली अंघोळ मोठ्या काकांची असते. डिसेंबरात गोंदियाचा पारा दहाच्या खाली जातो तेव्हा तर फारच लवकर कळतं.

तर सध्याची स्थिती अशी. नळकांड्याचं वरचं वीतभर टोक गेलंय. झाळ पुन्हा धरणार नाही, पत्राच उरला नाही. ते टोक कापून नवा तुकडा पितळी डागाने जोडायला हवा. पुण्याला कसब्यातल्या तांबट आळीत अजून ठोक्यांचं काम चालतं, आणि आपल्यातले तिघं पुण्यातच आहेत. नळकांड्याची माझी मापं: आतला व्यास साडेचार इंच, उंची बावीस इंच, वरचं कडं बाहेर वळवलेलं. कागदावर ठसा काढून ठेवलाय. नातवंडांपैकी जो कोणी संक्रांतीच्या आत जाऊन विचारून येईल त्याने मला फोन करावा, तोवर बंब माळ्यावर न टाकता न्हाणीघरातच ठेवलाय, तोटी उघडी ठेवून, म्हणजे आत पाणी साचणार नाही.