१९३८ चे गीत आणि आपली मुले

मत्स्योदरीच्या टेकडीवरून अंबड गाव पाहिले म्हणजे येथील वाडवडिलांना विद्येसाठी किती दूर जावे लागत असे, याची कल्पना येते. त्या वेळी अंबड हा निजामाच्या राज्यातील औरंगाबाद जिल्ह्याचा तालुका होता. जालना जिल्हा पुढे १९८१ साली झाला. आगगाडी धरण्यासाठी जालना स्टेशन गाठावे लागे. वरच्या शिक्षणाची सोय म्हणजे औरंगाबादचे इंटरमीजिएट कॉलेज किंवा थेट हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ. मुलगा तेथे गेला की घरची मराठी घरीच राही. शिक्षणाचे माध्यम उर्दू आणि पोशाख शेरवानी. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा उस्मानियाचा प्रयोग मोठा होता, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. परंतु ज्या राज्यात बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी, तेथे हा प्रयोग एकाच भाषेपुरता राहिला, हे शल्यही खरेच.

यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही हा विषय घेतला, याला कारण घडले. आपल्या ज्ञातीतील कित्येक कुटुंबे आज परदेशी आहेत. दूरच्या युद्धाचे पडसाद तेथील शाळांत उमटतात. मुलाने गळ्यात काय घालावे, छातीवर कोणती खूण लावावी, कोणत्या बाजूने बोलावे, यावरून तंटे होतात आणि मग शाळा सगळ्याच खुणा बंद करते. अशी हकीकत ऐकली की आम्हांस १९३८ साल आठवते.

ते वर्ष मोठे अस्वस्थ होते. सप्टेंबरअखेर म्युनिकचा करार झाला आणि युरोप युद्धाच्या उंबरठ्यावर येऊन थांबला. इकडे हैदराबाद शहरात एप्रिलमध्ये दंगल होऊन गेली होती. स्टेट काँग्रेसवर स्थापनेपूर्वीच बंदी आली होती आणि ऑक्टोबरअखेरीपासून सत्याग्रह सुरू होता. अशा हवेत नोव्हेंबरमध्ये औरंगाबादच्या कॉलेजातील विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला. लवकरच उस्मानियाच्या वसतिगृहातील प्रार्थनागृहातही तेच सूर उठले. अधिकाऱ्यांनी मनाई केली, मुलांनी मानली नाही आणि शेकडो विद्यार्थी विद्यापीठाबाहेर काढले गेले. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक.

अधिकाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. या गीताविषयी मुसलमान विद्यार्थ्यांच्या मनात किंतु होता, आणि तो काही निजामाच्या चाकरांनी रचलेला नव्हता. १९३७ च्या ऑक्टोबरात खुद्द काँग्रेस कार्यकारिणीने पहिली दोनच कडवी म्हणावीत आणि दुसरे निर्वेध गीत म्हणण्याची मुभा असावी, असे ठरविले होते. तेव्हा दंग्याच्या वर्षी वसतिगृहाच्या शांततेची काळजी वाहणे गैर नव्हते. गैर होता तो उपाय. प्रार्थनागृहाची भिंत आणि सहाध्यायाचा कान यांत अंतर असते. भिंतीच्या आत मुलाने आपले म्हणावे आणि दुसऱ्याच्या तोंडावर ते कोणी फेकू नये, एवढी व्यवस्था लावणे हे शिक्षकाचे काम होते. ते न करता मुलांनाच दाराबाहेर काढले. शांतता राखली ती कोणासाठी? बाहेर पडलेल्या पोरांची सुरक्षितता ही कोणाची जबाबदारी, याचा विचार त्या आदेशात कोठेही नव्हता.

ती जबाबदारी उचलली नागपूरने. कुलगुरू टी. जे. केदार यांनी बहिष्कृत विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठात प्रवेश दिला. परक्या प्रांतातील, आंदोलनातून आलेली मुले घेणे हे त्या काळी धाडसच होते. व्याख्याने पुष्कळांनी दिली. केदारांनी वर्गात जागा दिली.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हा इतिहास प्रामाणिक होणार नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली आणि भीतीचे घर बदलले. रझाकारांच्या अत्याचारांनंतर मराठवाड्यातील कित्येक निरपराध मुसलमान कुटुंबांवर जे ओढवले, त्याच्या चौकशीसाठी नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठविली. तिचा अहवाल कितीएक दशके बंद राहिला. काल ज्यांना आपले गीत दबक्या आवाजात म्हणावे लागे ते आज मोकळे झाले, आणि उर्दू पुस्तक काखेत घेऊन निघणारे पोर इकडेतिकडे पाहू लागले. मुक्तीचा अभिमान बाळगणाऱ्या आमच्या पिढीने ही बाजू फार थोडी लिहिली.

ओळखीची खूण नेहमी संकटच आणते असेही नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये वैद्यक शिकणाऱ्या आपल्या मुलांनी बसगाड्यांवर तिरंगा लावून सीमा गाठली आणि सरकारच्या ‘ऑपरेशन गंगा’तून ती मायदेशी परतली. तेथे झेंडा हेच कवच ठरले.

ज्या ज्ञातिबंधूंच्या घरी १९३८-३९ च्या काळातील शाळा सोडल्याचे दाखले, वसतिगृहाच्या पावत्या वा पत्रे असतील, त्यांनी ती आमच्या कार्यालयात दाखवावीत. नक्कल करून घेऊन मूळ कागद त्याच दिवशी परत केले जातील. उर्दूतील दाखल्यांचे वाचन करून देण्याचे अंबडमधील एका वृद्ध उर्दू शिक्षकांनी आनंदाने मान्य केले आहे.