सेल्फ फिरतो, पण गाडी सुरू होत नाही: एका बिघाडाचा इतिहास

१/१६
किल्ली फिरवावी, सेल्फची घरघर ऐकू यावी, इंजिन फिरत राहावे आणि तरीही गाडी सुरू होऊ नये. जुन्या मोटारगाडीच्या मालकांना हा अनुभव नवा नाही. या बिघाडालाही इतिहास आहे. आजच्या स्वरूपात तो १९१२ च्या सुमारास अवतरला आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा अर्थच पालटला. #थ्रेड

२/१६
पेट्रोल इंजिनाला चार गोष्टी लागतात: हवेत योग्य प्रमाणात मिसळलेले इंधन, सिलिंडरमध्ये पुरेसा दाब, ठिणगी आणि त्या ठिणगीची अचूक वेळ. शिवाय पहिले काही फेरे बाहेरच्या शक्तीने द्यावे लागतात, कारण स्फोट झाल्याशिवाय इंजिन स्वतःहून फिरत नाही. फेरे मिळूनही स्फोट होत नसेल, तर या चारांपैकी काहीतरी हरवलेले असते.

३/१६
हे हरवलेले शोधण्याची पहिली प्रसिद्ध कथा ऑगस्ट १८८८ मधील आहे. कार्ल बेंझ यांना मोटारीचे पेटंट मिळून अडीच वर्षे झाली होती, पण ग्राहक फारसे फिरकत नव्हते. त्यांची पत्नी बर्था बेंझ पतीला न सांगता, ऑयगेन आणि रिखार्ड या दोन मुलांना घेऊन, मानहाइमहून फोर्त्सहाइमकडे त्या गाडीतून निघाली. अंतर शंभर किलोमीटरांहून अधिक होते.

४/१६
वाटेत इंधनाची नळी तुंबली, तेव्हा बर्थाने टोपीची लांब पिन घालून ती मोकळी केली. प्रज्वलनाच्या तारेचे आवरण झिजले, तेव्हा मोज्याचा पट्टा गुंडाळून तारेला आवरण दिले. इंधन संपत आले, तेव्हा वीस्लोख गावातील औषधालयातून लिग्रॉइन विकत घेतले. एक अडचण ठिणगीची होती, दोन इंधनाच्या. पुढील शंभर वर्षे मेकॅनिक हेच दोन प्रश्न आधी विचारणार होते.

५/१६
त्या काळी गाडी सुरू करणे हे अंगमेहनतीचे काम होते. बेंझच्या गाडीचे मोठे चाक हाताने फिरवावे लागे. पुढे हँडल आले. हँडल मारण्याआधी ठिणगीची वेळ मागे घ्यायला चालक विसरला, तर स्फोट अवेळी होई आणि हँडल उलट झटका देई. मनगटाजवळचे हाड मोडण्याच्या एका प्रकाराला वैद्यकशास्त्रात आजही ‘शोफर्स फ्रॅक्चर’ म्हणतात, ते यामुळेच.

६/१६
ठिणगीचे गणित अमेरिकेत डेटन येथे चार्ल्स केटरिंग यांनी नव्याने मांडले. पॉइंट बंद असताना कॉइलमधून बॅटरीचा प्रवाह वाहतो. पॉइंट उघडताच कॉइलचे चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होतो. डिस्ट्रिब्युटर तो नेमक्या प्लगकडे पोहोचवतो. उघडणाऱ्या पॉइंटवर ठिणग्या उडून तो जळू नये म्हणून शेजारी कंडेन्सर असतो.

७/१६
ही रचना १९१० च्या कॅडिलॅकमध्ये आली. केटरिंग यांच्या कंपनीच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांवरून ‘डेल्को’ हा शब्द तयार झाला. फ्रेंच आणि स्पॅनिश बोलीत डिस्ट्रिब्युटरलाच डेल्को म्हणतात. त्यानंतर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये विजेचा सेल्फ-स्टार्टर बसवला गेला. फोर्डच्या मॉडेल टीला तो १९१९ पासून मिळू लागला.

८/१६
सेल्फमुळे एक सूक्ष्म बदल घडला. हँडल मारणाऱ्याच्या हाताला इंजिनाचा दाब थेट जाणवत असे. आता चालक आत बसून केवळ आवाज ऐकू लागला. मात्र त्या आवाजाने बिघाडाचे दोन भाग पाडले. सेल्फ फिरतच नसेल, तर संशय बॅटरी आणि स्टार्टरवर. सेल्फ नीट फिरतो आणि गाडी मात्र सुरू होत नाही, तर संशय ठिणगी, इंधन, दाब आणि वेळ यांवर.

९/१६
यातून निदानाची एक शिस्त घडली. थोडा वेळ सेल्फ मारून प्लग काढायचा. प्लग पेट्रोलने ओला असेल, तर इंधन पोहोचते आहे, पण ते पेटत नाही: कॉइल, पॉइंट, कंडेन्सर तपासा. प्लग कोरडा असेल, तर टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत इंधनाची वाट तपासा. चोक जास्त ओढल्याने इंजिन पेट्रोलने तुंबले असेल, तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा, म्हणजे जादा हवा आत शिरते.

१०/१६
या शिस्तीला अपवादही होते. स्टार्टर फिरताना प्रचंड प्रवाह ओढतो आणि बॅटरीचा दाब घसरतो. थकलेली बॅटरी मग सेल्फ फिरवते, पण कॉइलला पुरेसे बळ देत नाही. ठिणगी क्षीण पडते आणि दोष प्लगवर येतो. १९५० च्या दशकात अमेरिकी गाड्या सहा व्होल्टवरून बारा व्होल्टवर गेल्या. अधिक दाबाची मोठी इंजिने फिरवणे आणि पेटवणे हे त्यामागचे एक कारण होते.

११/१६
केटरिंग यांची हीच रचना मुंबईत घराघरांत पोहोचली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होई. तिचेच पुढे १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’ असे नामकरण झाले. १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन, एक कार्बोरेटर, पॉइंट आणि कंडेन्सर: टॅक्सीचालकाला समजेल एवढेच यंत्र.

१२/१६
कोकण किनाऱ्याचे हवामान या यंत्राची परीक्षा पाहत असे. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत दमटपणा शिरला की विजेला प्लगऐवजी भलतीच वाट सापडे. टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसणे हा त्यावर इलाज. उन्हाळ्यात इंजिनाच्या उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटे. मग पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवून थांबायचे. पद्मिनीची शेवटची टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपताच, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर, ती मुंबईच्या रस्त्यांवरून गेली.

१३/१६
तोवर जगभर पॉइंटची जागा इलेक्ट्रॉनिक्सने घेतली होती. फोक्सवॅगनने १९६७ मध्ये बॉशची इलेक्ट्रॉनिक इंधनफवारणी आणली. क्रायस्लरने १९७३ मध्ये आपल्या अमेरिकी गाड्यांत इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन सरसकट दिले. या गाड्या कमी बिघडत आणि धूरही कमी सोडत. आता मात्र ठिणगी आणि इंधन, दोन्हींची वेळ संगणक ठरवू लागला. क्रँकशाफ्टची स्थिती सांगणारा छोटा सेन्सर निकामी झाला, तर दोन्ही एकदमच थांबू शकतात.

१४/१६
संगणकाला बोलते करण्यासाठी अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींत तपासणीचे एकसमान सॉकेट बंधनकारक झाले. युरोपात ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना चोरीविरोधी इमोबिलायझर सक्तीचा झाला. काही गाड्यांत किल्लीतील चिप ओळखली गेली नाही, तर सेल्फ फिरतो, पण संगणक इंधन सोडत नाही. यंत्र निरोगी असूनही गाडी सुरू न होणे, हे प्रथमच घडू लागले.

१५/१६
बिघाडाचे स्वरूप येथे बदलले. ‘काय हरवले आहे?’ या प्रश्नाला ‘परवानगी कोणाकडे आहे?’ या प्रश्नाची जोड मिळाली. स्वतंत्र गॅरेजांनाही अधिकृत विक्रेत्यांइतकीच तांत्रिक माहिती मिळावी, असा कौल मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये प्रचंड बहुमताने दिला. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या विचारार्थ ठेवलेल्या क्षेत्रांत मोटारगाड्याही आहेत.

१६/१६
जुन्या गाड्या आजच्यापेक्षा चांगल्या होत्या, असे यातून निघत नाही. त्या अधिक बिघडत, अधिक पेट्रोल पीत आणि अधिक धूर ओकत. परंतु त्यांचा बिघाड वाचता येई, आणि तो वाचण्याची विद्या कोणाच्या परवानगीवर अवलंबून नव्हती. बर्था बेंझने नळी मोकळी केली ती टोपीच्या पिनेने. आजच्या मालकाकडे तीच जिद्द असली, तरी संगणकाकडील माहिती त्याला मिळेल की नाही, हे कायद्याने ठरणार आहे.